विश्लेषण : बाळाच्या आतड्यात चेतापेशी पोहोचल्याच नाहीत तर? हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांना काय दिसले, काय निसटले?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना खडवलीपाशी सिग्नल बंद पडला, तर गाड्यांची रांग मागे टिटवाळा, आंबिवलीपर्यंत लागते. खडवलीचे रूळ मात्र मोकळे दिसतात. वरून पाहणाऱ्याला वाटेल, गोंधळ टिटवाळ्याला आहे. प्रत्यक्षात बिघाड पुढे, जिथे सगळे शांत दिसते तिथे असतो. सुमारे १४० वर्षांपूर्वी डेन्मार्कमधील एका डॉक्टरने दोन दगावलेल्या बाळांच्या आतड्यात असाच गोंधळ पाहिला. त्यांनी त्याचे अचूक वर्णन केले, पण बिघाडाची जागा चुकली. तरीही हा आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग हे ते डॉक्टर. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्यानंतर जनुकशास्त्राने शोधलेले उत्तर, याविषयी.

हिर्शस्प्रुंग कोण होते?

हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांचा जन्म १४ डिसेंबर १८३० रोजी कोपनहेगनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील अब्राहम मार्कस हिर्शस्प्रुंग यांनी १८२६ मध्ये तंबाखूचा कारखाना सुरू केला होता. धंदा उत्तम चालला होता. याच घराण्यातील हाइनरिक हिर्शस्प्रुंग यांनी तंबाखूच्या पैशातून डॅनिश चित्रांचा मोठा संग्रह उभा केला. कोपनहेगनमध्ये १९११ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे डेन्मार्कमध्ये हे आडनाव चित्रांसाठी ओळखले जाते, तर उर्वरित जगात एका आजारासाठी.

घरचा कारखाना असूनही हॅराल्ड यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. त्यांनी १८४८ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १८५५ मध्ये वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण केली. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याणच्या पुढे, खडवलीवरून वासिंदपर्यंत पोहोचली होती.

हिर्शस्प्रुंग यांना आतड्याच्या दुर्मीळ आजारांची ओढ होती. काही बाळे अन्ननलिका किंवा लहान आतडे मध्येच बंद असलेल्या अवस्थेत जन्मतात. त्यांनी १८६१ मध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, तो याच विषयावर. त्या काळी अशा बाळांवर उपचार नव्हते. बहुतेक डॉक्टर अशा जन्माकडे दैवाचा भाग म्हणून पाहत. हिर्शस्प्रुंग मात्र प्रत्येक बाळाची लक्षणे टिपून ठेवत आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून आत काय होते ते पाहत. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

मुलांसाठी वेगळा डॉक्टर कशासाठी?

आज बालरोगतज्ज्ञाची पाटी प्रत्येक गल्लीत दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, अशीच वैद्यकाची समजूत होती. हिर्शस्प्रुंग यांची १८७० मध्ये कोपनहेगनमधील मुलांच्या एका छोट्या रुग्णालयात नेमणूक झाली. ते डेन्मार्कचे पहिले बालरोगतज्ज्ञ मानले जातात.

पुढे १८७९ मध्ये शहरात राणी लुईझ बाल रुग्णालय सुरू झाले आणि हिर्शस्प्रुंग तिथले मुख्य डॉक्टर झाले. तुलनाच करायची, तर मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ मध्ये, म्हणजे बरोबर ५० वर्षांनी सुरू झाले.

गरिबांच्या मुलांवर मोफत उपचार व्हावेत, असा हिर्शस्प्रुंग यांचा आग्रह होता. विद्यार्थ्यांसाठी ते रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत व्याख्यान देत. सुट्टीच्या दिवशी फारसे कोणी येत नसे. वक्ता म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. रुग्णशय्येजवळ उभे राहून मुलाला तपासताना मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप असे, अशी त्यांच्या सहकाऱ्यांची आठवण सांगितली जाते.

राणीशी वाद का झाला?

रुग्णालयाला राणीचे नाव होते आणि राणीचे तिथे लक्षही असे. मुलांच्या खाटांवर बायबलमधील वचने लावावीत, अशी तिची इच्छा होती. आजारी मुलांना प्राण्यांची चित्रे पाहून बरे वाटेल, असे हिर्शस्प्रुंग यांचे मत होते आणि त्यांनी ती लावली. राणी नाराज झाली. त्यानंतर तिने रुग्णालयात पाऊल ठेवायचे नाही असे ठरवले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवले आहे. प्रसंग छोटा आहे. पण राजघराण्याच्या मर्जीवर चालणाऱ्या संस्थेतही खाटेवरच्या मुलाला काय हवे, हा प्रश्न ते आधी विचारत, एवढे त्यातून कळते.

ज्या आजारांत हमखास मृत्यू ठरलेला होता, त्यांतही त्यांनी मार्ग शोधला. लहान मुलांत कधी कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरतो आणि रस्ता बंद होतो. अशा वेळी गुदद्वारातून पाण्याचा दाब देऊन अडकलेला भाग मागे ढकलण्याची पद्धत त्यांनी वापरली. त्याविषयी ते १८७६ पासून लिहीत होते. १९०५ मध्ये त्यांनी अशा १०७ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुले दगावली होती. हा आकडा आज मोठा वाटतो. त्या काळात तीनपैकी दोन मुले वाचणे ही मोठी गोष्ट होती. जठराचे खालचे तोंड आवळले गेल्याने बाळ सतत उलट्या करते, त्या आजाराचे पहिले नेमके वर्णनही १८८८ मध्ये त्यांनीच केले.

बर्लिनमध्ये १८८६ साली काय सांगितले?

त्यांचे नाव मात्र राहिले ते वेगळ्याच कारणाने. १८८६ मध्ये बर्लिनमध्ये झालेल्या बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी दोन मुलग्यांची हकिकत मांडली. दोघांनाही जन्मापासून शी होण्याचा त्रास होता. पोट फुगत असे. औषधे आणि एनिमा देऊन तात्पुरते बरे वाटे, पुन्हा तेच. एक बाळ ११ महिन्यांचे असताना गेले, दुसरे ८ महिन्यांचे असताना.

शवविच्छेदनात दोघांचेही मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. त्याची भिंत जाड झाली होती आणि आतल्या अस्तरावर जखमा होत्या. हिर्शस्प्रुंग यांनी निष्कर्ष काढला की, मोठे आतडे जन्मतःच असे फुगलेले आणि जाड असते आणि त्यामुळे मल पुढे सरकत नाही. हे निरीक्षण १८८८ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. असे रुग्ण त्याआधीही दिसले होते. हॉलंडचे शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांनी १६९१ मध्येच पाच वर्षांच्या एका मुलीची अशी नोंद केली होती. पण हा स्वतंत्र आजार आहे, तो जन्मापासून असतो आणि त्याला स्वतःची ठरलेली लक्षणे आहेत, हे ठामपणे मांडले ते हिर्शस्प्रुंग यांनी.

त्यांच्या नोंदीत एक तपशील होता. फुगलेल्या भागाच्या खालचा गुदाशय रुंद झालेला नव्हता. तो नेहमीच्या आकाराचा दिसत होता. हिर्शस्प्रुंग यांनी हे पाहिले, लिहूनही ठेवले आणि पुढे गेले. खरे उत्तर त्याच ओळीत होते.

कल्याणमध्ये तेव्हा काय चित्र होते?

त्याच १८८६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फियात कल्याणच्या एका तरुणीने वैद्यकाची पदवी घेतली. त्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. वयाच्या १४व्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता. तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यकाकडे वळण्यामागे हे दुःख होते, असे मानले जाते. त्या बाळाचा मृत्यू कशाने झाला, याचा हिर्शस्प्रुंग यांच्या आजाराशी संबंध जोडण्याचे काहीच कारण नाही. पण कोपनहेगनमध्ये बाळ दगावल्यावर कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन होत होते, रुग्णाची नोंद ठेवली जात होती. आपल्याकडे घरातच गेलेल्या बाळाची कुठे नोंदही होत नसे. आनंदीबाई पदवीनंतर वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांना इथल्या बाळंतिणी आणि बाळांसाठी काम करण्याची संधी मिळालीच नाही.

निवृत्ती आणि अखेर

हिर्शस्प्रुंग पुढेही असे रुग्ण जमवत राहिले. एकूण दहा मुलांची माहिती त्यांनी मांडली. वैद्यकीय वर्तुळात या आजाराला त्यांचे नाव पडले. १८९१ मध्ये ते विद्यापीठात बालरोगशास्त्राचे अध्यापक झाले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे १९०४ मध्ये त्यांना निवृत्त व्हावे लागले. ११ एप्रिल १९१६ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या आजाराचे खरे कारण त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. उपचारही सापडला नव्हता. त्यांच्या हयातीत अशा बाळांपैकी बहुतेक दगावतच राहिली.

मग बिघाड नेमका कुठे होता?

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे जाळे असते. अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याचा एक भाग आवळला जातो आणि त्याच्या पुढचा सैल पडतो. ही लाट हे जाळे घडवून आणते. मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता ते स्वतःच्या बळावर बरेच काम करते, म्हणून त्याला दुसरा मेंदू असेही म्हटले जाते. त्यात कोट्यवधी चेतापेशी असतात. या जाळ्याचा एक थर जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग माइसनर यांनी १८५७ मध्ये, तर दुसरा लिओपोल्ड आउअरबाख यांनी १८६०च्या दशकात शोधला होता. म्हणजे हिर्शस्प्रुंग बर्लिनमध्ये बोलत होते, तेव्हा हे जाळे विज्ञानाला माहीत होते. सूक्ष्मदर्शकही होते. पण जो भाग नेहमीसारखा दिसतो, तो कापून त्यात चेतापेशी आहेत का, हे कोणी पाहिले नव्हते.

टिटेल यांनी १९०१ मध्ये एका बाळाच्या मोठ्या आतड्यात या पेशी जवळपास नसल्याचे नोंदवले. त्या वेळी हिर्शस्प्रुंग अजून कामावर होते. इटलीतील दाला वाले यांनी १९२० मध्ये दाखवले की, खालच्या अरुंद भागात चेतापेशी नाहीत, वरच्या भागात मात्र आहेत. तरीही अनेक वर्षे शल्यचिकित्सक फुगलेला भाग कापून टाकत राहिले आणि मुले पुन्हा आजारी पडत राहिली. कारण चेतापेशी नसलेला भाग सैल पडू शकत नाही. तो आवळलेलाच राहतो. वरून येणारा मल तिथे अडतो आणि मागचे निरोगी आतडे फुगत जाते. गाड्यांची रांग टिटवाळ्याला दिसते, बंद सिग्नल खडवलीला असतो, तसेच हे.

१९४८ हे वर्ष निर्णायक ठरले. व्हाइटहाउस आणि केर्नोहान यांनी अनेक रुग्णांच्या आतड्यांचा अभ्यास करून चेतापेशींचा अभाव हेच कारण असल्याचे दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथील ऑर्व्हर स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी शस्त्रक्रियेची नवी पद्धत प्रसिद्ध केली. पोटावर छिद्र करून मल बाहेर काढण्याची सोय केली की अशी मुले सुधारतात आणि ते छिद्र बंद केले की पुन्हा आजारी पडतात, हे स्वेन्सन यांच्या लक्षात आले होते. म्हणजे वरचे आतडे चांगले होते. त्यांनी खालचा अरुंद भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडले. मुले वाचू लागली. हिर्शस्प्रुंग यांच्या बर्लिनमधील भाषणाला तोवर ६२ वर्षे झाली होती.

आतड्यात चेतापेशी येतात कुठून?

पुढचा प्रश्न होता, खालच्याच भागात पेशी का नसतात? याचे उत्तर गर्भात दडले होते. आतड्यातील चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या पट्टीच्या कडेला पेशींचा एक समूह असतो. त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्यातील मानेजवळच्या पेशी चौथ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या वरच्या टोकात शिरतात. तिथून त्या खाली सरकत जातात आणि वाटेत आपली संख्या वाढवत राहतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास त्या शेवटच्या टोकाला पोहोचतात.

हे आधी कोंबडीच्या गर्भात सिद्ध झाले. इंटेमा आणि हॅमंड यांनी १९५४ मध्ये हा पेशीसमूह काढून टाकला, तेव्हा आतडे चेतापेशींविना वाढले. फ्रान्समधील निकोल ले दुआरें यांनी १९७३ मध्ये लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवून त्या कुठे जातात, याचा माग काढला. लावा पक्ष्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात, हा त्या प्रयोगाचा गाभा होता.

हा प्रवास म्हणजे एक शर्यतच असते. पेशी खाली जात असताना आतडेही लांब होत असते. पेशींचा वेग कमी पडला, संख्या कमी पडली किंवा त्यांनी वाटेतच मुक्काम ठोकला, तर शेवटचा टप्पा रिकामा राहतो. कसाऱ्याला निघालेले सिग्नल कर्मचारी टिटवाळ्यालाच उतरले, तर खडवलीपासून पुढे कोणीच नाही, असा हा प्रकार. म्हणूनच या आजारात रिकामा भाग नेहमी शेवटच्या टोकाकडून मोजला जातो. सुमारे ८० टक्के रुग्णांत तो गुदाशय आणि त्याच्या लगतच्या थोड्या भागापुरताच असतो.

जनुकांचे स्विच कोण चालवते?

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तेच डीएनए असते. त्यात प्रथिने बनवण्याच्या कृती सांगणारी सुमारे २० हजार जनुके असतात. मग एक पेशी चेतापेशी आणि दुसरी त्वचेची पेशी कशी होते? ज्या त्या पेशीत कोणती जनुके वाचली जातात, यावर ते ठरते. दोन फोनमध्ये तीच ॲप असली, तरी कोणाच्या फोनमध्ये कोणती चालू आहेत, त्यावर त्या फोनचा वापर ठरतो, तसे.

जनुके चालू-बंद करण्याचे काम काही खास प्रथिने करतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. डीएनएवर जनुकाच्या जवळ, कधी जनुकाच्या पोटात, तर कधी बरेच दूर स्विचसारखे छोटे पट्टे असतात. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नेमका आपला पट्टा ओळखून त्याला चिकटतो. मग जनुक वाचणारी यंत्रणा तिथे येते आणि प्रथिन बनू लागते. फॅक्टर कमी असेल किंवा पट्टा बिघडलेला असेल, तर जनुक शाबूत असूनही कमी वाचले जाते.

आतड्याकडे निघालेल्या पेशींत अशा दोन प्रथिनांचे काम मोठे आहे. पहिले सॉक्स-१०. प्रवासात पेशी जिवंत राहाव्यात आणि त्यांनी वेळेआधी चेतापेशीचे रूप घेऊन थांबू नये, यासाठी ते लागते. दुसरे फॉक्स-२बी. हे नसलेल्या उंदरांच्या गर्भात आतड्याच्या चेतापेशी तयारच होत नाहीत, असे १९९९ मध्ये दिसून आले. ही दोन्ही प्रथिने ज्या जनुकांना चालू करतात, त्यांत रेट नावाचे जनुक येते.

रेटपासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर अँटेनासारखे बसते. आतड्याच्या भिंतीतून जीडीएनएफ नावाचा रासायनिक संदेश सुटत असतो. अँटेना तो पकडते आणि पेशी पुढे सरकते, वाढते. अँटेना कमी पडली की संदेश नीट मिळत नाही आणि पेशी मागे राहतात.

जनुकात बिघाड कसा सापडला?

हिर्शस्प्रुंग आजार आणि रेट यांचा संबंध १९९४ मध्ये उघड झाला. दहाव्या गुणसूत्रावरील या जनुकातील दोष रुग्णांच्या कुटुंबांत सापडले. त्याच वर्षी ईडीएनआरबी हे दुसरे जनुक हाती लागले. त्यासाठी अमेरिकेतील मेनोनाइट समाजाचा अभ्यास झाला. आपसांतच विवाह होत असलेल्या या समाजात आजाराचे प्रमाण जास्त होते. कोलकात्यात शिकलेले आणि अमेरिकेत काम करणारे जनुकशास्त्रज्ञ अरविंद चक्रवर्ती हे या संशोधनातील प्रमुख नाव. १९९८ मध्ये सॉक्स-१०चा दोष काही रुग्णांत आढळला. या मुलांना आतड्याच्या त्रासासोबत बहिरेपण आणि केस किंवा त्वचेवर पांढरे पट्टे असतात. रंग देणाऱ्या पेशीही न्यूरल क्रेस्टमधूनच येतात, हे त्याचे कारण.

सर्वांत महत्त्वाचा धागा २००५ मध्ये मिळाला. चक्रवर्ती यांच्या गटाने रेट जनुकाच्या आतील एका स्विचमध्ये एका अक्षराचा बदल शोधला. प्रथिनाची कृती त्यात बदलत नाही. पण सॉक्स-१० ज्या पट्ट्याला चिकटते, तिथली पकड ढिली होते आणि रेट कमी वाचले जाते. हा बदल दुर्मीळ नाही. आशियातील लोकांत तो बऱ्याच जणांत असतो आणि त्यांतील बहुतेकांना काहीही होत नाही. आणखी काही स्विचमधील बदल किंवा दुसऱ्या जनुकांतील दोष एकत्र आले, तर मात्र धोका वाढतो. २०१६ मध्ये याच गटाने रेटचे असे तीन स्विच आणि त्यांना चालवणारी वेगवेगळी प्रथिने दाखवून दिली.

म्हणजे आजार बऱ्याचदा एका मोठ्या बिघाडातून होत नाही. अनेक छोट्या उणिवा एकत्र येतात आणि पेशींची ती शर्यत थोडक्यात हुकते. जगभरात सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. मुलग्यांत तो मुलींच्या सुमारे चौपट आढळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत त्याचे प्रमाण जास्त असते. आईने गरोदरपणात काय खाल्ले किंवा काय केले, याच्याशी त्याचा संबंध जोडून तिला दोष देण्यास मात्र आधार नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना जन्मानंतर २४ तासांत पहिली, काळपट हिरवी शी होते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगले किंवा बाळाने हिरवी उलटी केली, तर वाट पाहू नये. बाळंतीण लवकर घरी येते, तेव्हा ही वेळ नेमकी घरात येते. खडवलीसारख्या गावात आशा ताई घरी येतात, त्यांना बाळाची पहिली शी कधी झाली हे आवर्जून सांगावे. अशा बाळाला घुटी किंवा एरंडेल देऊन घरी वाट पाहणे धोक्याचे ठरू शकते. या आजाराच्या मुलाला अचानक ताप, फुगलेले पोट आणि दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब झाले, तर तो आतड्याचा गंभीर संसर्ग असू शकतो. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे.

प्रत्येक बद्धकोष्ठता म्हणजे हा आजार नव्हे. अंगावर दूध पिणारे महिन्याचे बाळ काही दिवस शी न करताही ठणठणीत असू शकते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पहिली शी उशिरा होऊ शकते. जन्मापासूनच त्रास असेल, तर मात्र तपासणी हवी. गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा घेऊन त्यात चेतापेशी आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निदान झाले की बाल शल्यचिकित्सक चेतापेशी नसलेला भाग काढतात. हल्ली अनेक बाळांत पोटावर मोठा छेद न देता, गुदद्वाराच्या मार्गानेच ही शस्त्रक्रिया होते. काही मुलांना पुढेही बद्धकोष्ठता किंवा संसर्गाचा त्रास होतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. पण बहुतेक मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.

हिर्शस्प्रुंग यांच्या त्या दोन बाळांना हे मिळाले नाही. आजाराचे कारण त्यांना चुकीचे वाटले, पण दोन्ही बाळांच्या आतड्याचे त्यांनी जे वर्णन केले, त्यात काही लपवले नाही आणि काही गाळलेही नाही. गुदाशय नेहमीसारखा दिसतो, हे वाक्य त्यांनी आपल्या निष्कर्षात बसत नसतानाही लिहून ठेवले. नंतरच्या डॉक्टरांनी तिथेच सूक्ष्मदर्शक नेला. आज बायोप्सीसाठी तुकडा घेतला जातो, तोही त्याच, नेहमीसारख्या दिसणाऱ्या जागेचा.